गफ्फारभाईच्या नावावर गेलेला मासा

भगवंतरावांनी त्या रविवारी गळाची काठी हातात धरली ती फक्त नमाज होईपर्यंत. तेवढाच करार होता. दिलेला शब्द मोडायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती, आणि सरकी-ढेपीच्या धंद्यात ती परवडतही नाही (ढेपीच्या पोत्यात माती निघाली तर ती वेगळी बाब, माती तेलगिरणीची, शब्द आपला). पण कधीकधी माणूस सरळ मनाने करार पाळायला बसतो आणि दुसऱ्या टोकाला कोण बसलंय हे त्याला ठाऊक नसतं. भगवंतरावांचं तसंच झालं. दुसऱ्या टोकाला कतला मासा होता.

पण हे पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही गावासारखेच गफ्फारभाईचं नाव घ्याल.

धामणगाव रेल्वेला स्टेशनाकडून बाजाराकडे निघालं की उजव्या हाताला भगवंतरावांचं सरकी-ढेपीचं दुकान, आणि त्याला लागून अब्दुल गफ्फार यांचा गादी कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, एक कापूस पिंजायची मशीन आणि नाकात जाणारी रुई. पण पाटीवर कारखाना लिहिलं की गादी जरा जाड वाटते. हा धंद्यातला बारकावा गफ्फारभाईंना भगवंतरावांनीच शिकवला होता.

काळ असा होता की वऱ्हाडात कापसाचं नाव काढलं की माणसं विषय बदलायची. पाहणीची पथकं यायची, बांधावर उभी राहून फोटो काढून जायची. पेपरात पॅकेजच्या घोषणा यायच्या. बाजारात गिऱ्हाईक मात्र यायचं नाही. लोकांनी म्हशी विकल्या, म्हणून ढेप पडून. लोकांनी पोरींची लग्नं पुढच्या साली ढकलली, म्हणून गाद्या पडून. मग दुपारी भगवंतराव गफ्फारभाईंच्या गादीवर जाऊन बसत आणि संध्याकाळी गफ्फारभाई भगवंतरावांच्या ढेपीच्या पोत्यावर येऊन बसत. दोन्ही मालाचा एवढाच काय तो उठाव.

गफ्फारभाईंच्या घरची एक जुनी रीत होती. रविवार आला की सगळं कुटुंब वाढोण्याच्या तलावावर मासे धरायला. गाद्या पोचवायच्या ऑटोच्या मागे बायको नईमाभाभी, मुलगी अलीझा, स्टोव्ह, पातेलं, मसाल्याचा डबा आणि सतरंजी. पुढे हँडलवर गफ्फारभाई आणि बाजूने बाहेर आलेल्या बांबूच्या काठ्या. तलाव मच्छीमार सोसायटीचा, पण सोसायटीतल्या प्रत्येकाच्या लेकीची लग्नातली गादी गफ्फारभाईंनीच भरलेली, तेव्हा त्यांच्या गळाला कोणी हरकत घेत नसे.

एका शनिवारी गफ्फारभाई सहज म्हणाले, "भाऊ, दुकानात बसून काय करता? उद्या चला आमच्यासंग."

सगळं तिथून सुरू झालं.

अडचण एकच होती, आणि ती घरात होती. भगवंतरावांची बायको वच्छलाबाई. माहेर मोझरीजवळचं, गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं टरफलही कधी शिरलं नाही. एकदा शेजाऱ्यांच्या मांजरीने अंगणात उंदीर आणून टाकला, तर बाईंनी तीन वेळा अंगण सारवलं आणि मांजरीशी बोलणं सोडलं. अशा बाईसमोर तलावाचा विषय काढायचा म्हणजे हिंमत लागते. भगवंतरावांनी ती जेवताना केली, कारण तोंडात घास असला की वाक्यं आपोआप छोटी होतात.

"मी फक्त बसणार आहो."

"बसाले घरी काटे पडले का?"

"तिथं हवा असते वच्छला."

वच्छलाबाईंनी भाकरी तव्यावरून उतरवली, उलटीपालटी करून पाहिली. भाकरीवरच बोलतात असं वाटावं अशा आवाजात म्हणाल्या, "बसा. हवा खा. गफ्फारभाई चांगला मानूस आहे, त्याच्यासंग जाले मी नाई म्हनत नाई. पन त्या गळाच्या काठीले हात लावला ना, तर या चुलीचा अन् तुमचा संबंध सुटला. मी सांगून राहिली, मंग म्हनसान सांगितलं नाई."

"नाई लावत."

"शपथ?"

"शपथ."

असा तो करार. म्हणजे पुढे झालेला नमाजेपर्यंतचा धरून करार दोन होते हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. एक तोडल्याशिवाय दुसरा पाळता येऊ नये असे करार व्यापाऱ्याने करू नयेत. भगवंतरावांना हे कळत होतं, पण ते दुसऱ्याच्या धंद्यात.

पहिल्या रविवारी भगवंतराव सतरंजीवर बसले आणि त्यांनी पाण्यावर तरंगणारं मोराच्या पिसाचं देठ पाहिलं. ते बुडालं, गफ्फारभाईंनी झटका दिला, हातभर रोहू गवतावर येऊन आपटला. भगवंतरावांना नवल वाटलं. मासा दिसत नाही, पाणी गढूळ, आणि माणसाला कळतं कसं की आता?

"गफ्फारभाई, हाताले नेमकं काय वाटते?"

गफ्फारभाईंनी विचार केला. "नाई सांगता येत भाऊ. हाताले समजते, तोंडाले नाई."

हे उत्तर भगवंतरावांच्या मनातून जाईना. सोमवारी दुकानात बसून त्यांनी पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून ओढून पाहिली. मंगळवारी गफ्फारभाईंना पुन्हा विचारलं. बुधवारी नईमाभाभींना विचारलं, "भाभी, मासा लागते तवा तुमाले काय वाटते?"

"मुझे तो भूक लगती भाईसाब," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारपासून भगवंतराव सल्ला द्यायला लागले. काठीला हात नाही, पण तोंडाला वच्छलाबाईंनी बंदी घातली नव्हती. गफ्फारभाई कणकेच्या गोळ्या लावत. भगवंतराव म्हणाले, कणीक तर प्रत्येकजण दाखवतो, गिऱ्हाइकाला काही नवं दाखवा. त्यांनी दुकानातली शेंगदाण्याची ढेप आणली, कुटून गुळात मळली, सुपारीएवढा गोळा केला. गफ्फारभाई हसले, पण त्यांनी गोळा गळाला लावला. शेजाऱ्याचं मन मोडायचं नाही हा त्यांचा स्वभाव. ढेपीला गिऱ्हाईक नव्हतं, तर निदान माशांनी तरी घ्यावी.

त्या दिवशी मासे आलेच नाहीत. भगवंतराव म्हणाले, "नवा माल आहे. ओळख व्हाले वेळ लागते."

आणि मग तो फाल्गुनातला रविवार.

दुपार टळत होती. नईमाभाभी आणि अलीझा बोरीच्या काटक्या आणायला बंधाऱ्याच्या पलीकडे गेल्या होत्या, कारण स्टोव्हचं रॉकेल संपलं होतं. गफ्फारभाईंनी तलावाच्या पाण्यात हातपाय धुऊन वजू केला, सतरंजीचं एक टोक झटकलं आणि काठी भगवंतरावांपुढे धरली.

"भाऊ, जोहरची वेळ निघून राहिली. एवढी काठी धरता? नमाज होईस्तोवर."

"जमिनीत रोवून ठेवा ना."

"खडक आहे इथं. धरा, काई होत नाई. ढेप लावली आहे, कोन येते खाले."

शेवटचं वाक्य भगवंतरावांना लागलं. आपल्या मालाला कोणी असं म्हणावं आणि आपण गप्प बसावं, हे व्यापाऱ्याच्या रक्तात नाही. त्यांनी काठी घेतली. आपण काठी धरत नसून मालाची बाजू धरतोय, असं त्यांनी मनाला सांगितलं.

गफ्फारभाई पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे तलावाकडे त्यांची पाठ झाली. त्यांनी हात बांधले.

आणि देठ हललं.

बुडालं नाही, नुसतं हललं. भगवंतरावांच्या तळहाताला काहीतरी कळलं. हे सांगणं अवघड, पण तुम्ही दुकान चालवलं असेल तर तुम्हाला लगेच समजेल. दारात गिऱ्हाईक येतं, पोत्यात हात घालतं, चिमूट घेऊन वास घेतं, तोंड वाकडं करतं आणि निघून जातं. अनुभवी दुकानदार त्याला हाक मारत नाही. ते कोपऱ्यापर्यंत जातं आणि परत येतं. देठ पुन्हा हललं. चिमूट घेतली. सोडली. पाणी शांत झालं. भगवंतरावांनी श्वासही मोठ्याने घेतला नाही. मनात म्हणाले, जाऊ दे बापा, जा, सगळा बाजार फिरून ये, असा माल मिळणार नाही.

देठ दिसेनासं झालं.

काठी वाकली ती पार पाण्यापर्यंत. भगवंतरावांनी मागे वळून पाहिलं. गफ्फारभाई रुकूत वाकलेले होते. नमाजातल्या माणसाला हाक मारायची नाही एवढं भगवंतरावांना कळत होतं. इतकी वर्षं शेजार होता. ते दात दाबून उभे राहिले. दोरी उजवीकडे पळाली, त्यांनी जाऊ दिली. ओढावंसं वाटलं, ओढलं नाही. घाई केलेलं गिऱ्हाईक बिथरतं. ढील दिली, मग हळूच गोळा केली, पुन्हा ढील. बूट पाण्यात गेले, धोतराचा सोगा पाण्यात गेला, आणि एकदा दोरी एकदम सैल झाली तेव्हा त्यांचा जीवही गेल्यासारखा झाला. पण ती पुन्हा ताणली. पुढचं सगळं त्यांना नीट आठवत नाही. गफ्फारभाईंनी नमाजेचा शेवटचा सलाम फिरवून मागे पाहिलं तेव्हा भगवंतराव चिखलात उताणे पडले होते आणि त्यांच्या छातीवर दोन्ही हातांत न मावणारा कतला आडवा होता. दोघांचीही तोंडं उघडी होती.

गफ्फारभाईंनी कतल्यावर वीत टेकवून माप घेतलं. मग म्हणाले, "भाऊ, ढेप चांगली आहे."

आता खरं तर गोष्ट इथेच आनंदात संपायला हवी होती. संपली नाही, कारण घरी परत जायला धामणगावचं रेल्वे फाटक ओलांडावं लागतं.

फाटक बंद होतं. मालगाडी येऊन उभी होती आणि पुढे जायचं नाव घेत नव्हती. ऑटोच्या मागून माशाची शेपूट बाहेर आलेली. आधी एक सायकलवाला थांबला, मग दोन भाजीवाल्या, मग बैलगाडीवाला. लांबच्या लोकांना वाटलं पुन्हा पथक आलं, म्हणून ते निवेदनं घेऊन धावत आले, आणि मासा पाहून निवेदनं खिशात ठेवून उभे राहिले. कितीतरी महिन्यांत या गावात बघण्यासारखं काही आलं नव्हतं. लोक शेपटीला बोट लावून बघत होते, आणि हसत होते. एक म्हातारा म्हणाला, "या सालात कोनाच्या तरी हाती काई तरी लागलं म्हनायचं."

भगवंतरावांची छाती फुगली. ते ऑटोतून उतरून शेपटीच्या बाजूला उभे राहिले.

"कोनं धरला?" गर्दीतून प्रश्न आला.

भगवंतरावांनी तोंड उघडलं. शब्द ओठांवर होता. आणि प्रश्न विचारणारा समोर आला. सूर्यभान, वच्छलाबाईंचा सख्खा भाऊ, जिनिंगमध्ये मोजणीला असलेला, गावातली कुठलीही गोष्ट घरी जाण्याआधी बहिणीच्या घरी पोचवणारा.

"भाऊजी, कोनं धरला जी हा?"

"गफ्फारभाईनं," भगवंतराव म्हणाले.

मालगाडीने शिटी दिली. फाटक उघडलं. ऑटोत बसल्यावर गफ्फारभाई हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, हे काय केलं?"

"सूर्यभान होता समोर."

"अन् मी आता काय करू?"

"काई नाई. विषय थंड होईस्तोवर मासा तुमच्या नावावर ठेवा. अमानत समजा."

विश्वासाची ठेव म्हटल्यावर गफ्फारभाई नाही म्हणू शकले नाहीत.

मासा खाऊन संपला त्याच दिवशी. सगळा मोहल्ला जेवला. भगवंतरावांनी अर्थातच चाखलाही नाही. त्यांना खायचं नव्हतं, त्यांना फक्त तो आपला असायला हवा होता. पण मासा संपला तरी विषय संपेना. उलट मासा वाढू लागला. फाटकापाशी होता त्याच्या दीडपट तो बाजारात झाला, आणि बसस्टँडवर तर त्याला ऑटोत घालायला चार माणसं लागली होती. गादी कारखान्यात बघ्यांची रीघ लागली. आणि आलेला माणूस मोकळ्या हाताने कसा जाईल, म्हणून दोन उशांची आणि एका गादीची ऑर्डरही लागली. ढेपीच्या दुकानात कोणी फिरकलं नाही. गफ्फारभाईंना विचारलं की ते प्रामाणिकपणे सांगत, "ढेप लावली होती." लोक म्हणत, "वा, भाई मजाक करते."

रोज संध्याकाळी गफ्फारभाई पोत्यावर येऊन बसत आणि दबक्या आवाजात विचारत.

"भाऊ, आज एकानं विचारलं, मासा पहिले कोनीकडे पळाला? मी डावीकडे सांगितलं."

"उजवीकडे पळाला होता."

"मले काय माहीत? मी नमाजले होतो. अन् भाऊ, मी सांगितलं, एक झटका देल्ला अन् बाहेर."

भगवंतरावांनी हातातला तराजू खाली ठेवला. "झटका? गफ्फारभाई, झटका देल्ला असता तर दोरी तुटली असती. तुमी माझ्या माशाची बदनामी करून राहिले."

"मंग तुमीच सांगा ना लोकायले."

"मी कसा सांगू?"

"वच्छलाभाभीची भीती किती दिवस?"

रात्री जेवताना वच्छलाबाई म्हणत, "गफ्फारभाईनं म्हने मोठा मासा धरला. त्या मानसाच्या हातात जादू आहे. तुमी होते ना तिथं?"

"होतो."

"तुमाले भेव नाई वाटलं?"

"भेव काहून वाटन?"

"नाई, तुमी पाल पाहिली तरी पलंगावर चढता, म्हनून विचारलं."

भगवंतराव भाकरी चावत राहिले. ती त्या दिवशी फार कडक लागत होती.

त्यानंतर खुशालराव आले. खुशालराव म्हणजे किराणा दुकानदार आणि आमच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. ते नेहमी अर्ध्या वाक्यापासून सुरुवात करत. "शाल आहे, नारळ आहे, मानूस पाहिजे होता." एका मंत्र्यांचा दौरा रद्द झाल्यामुळे मंडळाकडे एक शाल उरली होती. त्या सालात मंडळाने शोकसभा आणि मोर्चे सोडून दुसरं काही केलं नव्हतं. सत्कार करावा असा माणूसच सापडत नव्हता. "अन् हे भाषन तुमी करसान. गफ्फारभाईचे शेजारी तुमी, तिथं हजर तुमी, अन् बोलनं तुमचंच."

गावात भाषण म्हटलं की भगवंतराव, हे ठरलेलं होतं. ते नाही म्हणाले असते तर लोकांना वाटलं असतं जळतात. खरं म्हणजे जळतच होते, पण ते उघड का करायचं?

सत्कार मंडळाच्या सभागृहात, संध्याकाळी. पुढच्या रांगेत व्यापारी, मागे मोहल्ला, उजवीकडे बायका. नईमाभाभी नव्या ओढणीत, आणि त्यांच्या शेजारी वच्छलाबाई. शेजारणीच्या नवऱ्याचा मान आहे, जायला पाहिजे, असं त्या म्हणाल्या होत्या. माळ असली तरी शेजारधर्म असतोच. स्टेजवर गफ्फारभाई शालीची वाट बघत अंग चोरून बसले होते. एवढा दुःखी सत्कारमूर्ती गावाने कधी पाहिला नव्हता.

भगवंतरावांनी माईक धरला. सुरुवात बेताची झाली. गफ्फारभाई आमचे शेजारी, गफ्फारभाई मनाने मोठे, गफ्फारभाईंची गादी. मग ते तलावापाशी पोचले.

"गफ्फारभाईंनी काठी धरली. पाणी शांत. देठ हललं. गिऱ्हाईक दारात आलं मंडळी. त्यानं वास घेतला. निघून गेलं. आमच्या गफ्फारभाईंनी हाक मारली नाही..."

बायकांनी पदर सावरायचंही थांबवलं. आणि मागच्या रांगेतून एकजण कौतुकाने ओरडला, "मंग एकच झटका देल्ला ना जी?"

भगवंतराव थांबले. गेले कित्येक दिवस ते हा झटका सहन करत होते.

"झटका नाही देल्ला," ते म्हणाले. "झटका देल्ला असता तर दोरी तुटली असती. ढील देल्ली. मी ढील देल्ली. तो उजवीकडे पळाला, मी जाऊ देल्ला. माझे बूट पाण्यात गेले, माझं धोतर पाण्यात गेलं, पन मी ओढलं नाई." त्यांचा आवाज चिरकला. "मंडळी, तो मासा मी धरला."

त्यांनी डोळे मिटले. चूल गेली, भाकरी गेली, घर गेलं. पण मासा आपला झाला.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा," खुशालराव उठून म्हणाले, "याले म्हनतात भाषन. गफ्फारभाईच्या अंगात शिरून बोलले भगवंतराव. मले तर वाटलं यायनंच धरला."

"मीच धरला," भगवंतराव म्हणाले.

लोक आणखी हसले आणि टाळ्या वाढल्या. मग सत्कारमूर्तीच उभे राहिले. गफ्फारभाईंनी माईक घेतला आणि छातीवर हात ठेवला.

"खुदा गवाह आहे, हे खरं आहे. मासा भगवंतरावनंच धरला. मी तवा नमाजले होतो."

मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या अडत्याने रुमालाने डोळे पुसले. "पाहा," तो शेजाऱ्याला म्हणाला, "असा मानूस या काळात सापडत नाई. एवढा मोठा मासा धरला, अन् नाव शेजाऱ्याले देऊन राहिला."

सगळे उभे राहिले. ज्या शालीसाठी माणूस सापडत नव्हता, ती आता एका माणसाला पुरेशी वाटेना. खुशालरावांनी स्वतःच्या गळ्यातलं उपरणंसुद्धा गफ्फारभाईंच्या खांद्यावर टाकलं. भगवंतरावांनी शेवटचा प्रयत्न म्हणून सूर्यभानकडे पाहिलं.

"भाऊजी," सूर्यभान मायेने म्हणाला, "काहून मन लहान करता? फाटकापाशी तुमीच मले सांगितलं ना, गफ्फारभाईनं धरला म्हनून. मी तर साक्षीदार आहो."

नवराबायको घरी पायी निघाले. भगवंतराव पुढे, वच्छलाबाई मागे. भगवंतराव शिक्षेची वाट बघत होते. ती आली तर निदान मासा तरी घरात मान्य होईल. कोपरा आला, दत्ताचं देऊळ आलं, शिक्षा काही येईना.

"वच्छला, मी शपथ मोडली."

"बरं."

"बरं काय? मी काठीले हात लावला. मासा मी धरला."

"असू द्या. घरी जाऊन झोपा." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात कीव होती. "लोकायच्या माशापायी एवढा जीव नाई टाकू. समदे हसत होते. नईमाले किती वाईट वाटलं असन."

"तू पन?"

"मी तुमाले वीस वर्ष पाहून राहिली. तुमाले नळावर बादली भरून आनता येत नाई, रस्त्यात अर्धी सांडता."

मग मागून वच्छलाबाईंची पावलं जरा जवळ आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक विचारू? तुमी तिथं होते म्हनून विचारते. लहानपनापासून मले वाटते. पन माळकऱ्याच्या घरात हे विचारावं कोनाले?"

"काय?"

"मासा पान्याबाहेर आला की ओरडते का?"

भगवंतराव थांबले. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. पाणी आठवलं, चिखल आठवला, तो मोठा डोळा आठवला.

"नाई समजलं," ते म्हणाले.

"काहून? जवळच होते ना?"

"लय जवळ होतो. पन मले ऐकू नाई आलं." ते चपलेकडे बघत राहिले. हे त्यांनी भाषणातही सांगितलं नव्हतं. "मीच ओरडून राहिलो होतो."

वच्छलाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"काय म्हनून?"

"जाऊ दे ना."

"काय म्हनून ओरडत होते, सांगा."

"तुझंच नाव," भगवंतराव म्हणाले. "वच्छे, पाह्य पाह्य, म्हनून. मले काय सुचलं कोन जाने. मले वाटलं तू पाहाले पाहिजे."

नवऱ्याला पालीच्या वेळी, विंचवाच्या वेळी आणि एकदा साध्या बेडकाच्या वेळी ओरडताना वच्छलाबाईंनी ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी नाव तेच असायचं. दुसऱ्या कोणाला ते सुचलं नसतं. त्यांनी पदर डोक्यावर घट्ट ओढला.

"म्हनजे तुमीच धरला," त्या म्हणाल्या.

"हाव," भगवंतराव म्हणाले. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही त्यांचा चेहरा एवढा उजळला नव्हता.

"मंग घरात पाय ठेवू नका."

घरी पोचताच वच्छलाबाईंनी शब्द पाळला. भगवंतरावांचं ताट बाहेर ओट्यावर मांडलं गेलं, पाण्याचा गडू बाहेर आला, चटई बाहेर आली. वांग्याची भाजी, भाकरी आणि नेहमीपेक्षा जास्त तेल घातलेला ठेचा. वच्छलाबाई उंबऱ्याच्या आत पाट घेऊन बसल्या, तोंड दुसरीकडे करून, आणि विचारत राहिल्या. त्याच्या डोळ्याला पापणी असते का? अंग थंड असते का कोमट? अन् तो पळाला तवा तुमाले खरंच रडू आलं नाई? भगवंतराव ओट्यावरून सगळं सांगत होते, हात लांब करून माप दाखवत होते, आणि घरातल्या भाकरीला आजवर आली नव्हती एवढी चव त्या बाहेरच्या भाकरीला आली होती. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस आपलं ताट पाहतो आहे, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी जेवण मुद्दाम लांबवलं. इतक्या दिवसांत मासा आपला असल्याचा हा एवढाच पुरावा त्यांच्या हाती आला होता.

तेवढ्यात सूर्यभान आला. सत्काराच्या उरलेल्या पेढ्यांचा पुडा बहिणीला द्यायला आला होता. ओट्यावर मेहुण्याचं ताट पाहून तो चपापला.

"भाऊजी, तुमी बाहेर काहून?"

भगवंतरावांनी पाठ ताठ केली. "मासा धरला म्हनून."

सूर्यभानच्या डोळ्यांत पाणीच आलं. पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवून तो उंबऱ्याशी गेला आणि हात जोडून आत म्हणाला, "ताई, भाऊजीले आत घे व. यायनं काईच नाई केलं. भोळा मानूस, भाषनाच्या भरात बोलून गेला. मासा गफ्फारभाईचा आहे, फाटकापाशी मी होतो. पाहिजे तर तुझ्या माळेची शपथ घेतो, यायच्या हातानं चिंगळीसुद्धा धरली जानार नाई."

भगवंतरावांनी ताट दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतलं.

"सूर्यभान," ते म्हणाले, "तू घरी जा बापा."